दोनदा दाबलेलं बटण

सोसायटीच्या घरांची सोडत कॉम्प्युटरवर काढायची, ही कल्पना माझी. कुणी मला गळ घातली नव्हती, विचारलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची मुलुंडची सोसायटी अठ्ठावीस घरांची आणि पाडायला आलेली. पुनर्विकासाची चर्चा इतकी वर्षं चालली की चर्चेत सगळ्यात मोठ्याने बोलणारे दोन-तीन जण तोवर वारलेही. शेवटी एकदाचा बिल्डर ठरला आणि नकाशे आले. नव्या इमारतीत दुसऱ्यापासून आठव्या मजल्यापर्यंत आम्हा जुन्या सभासदांची घरं, दर मजल्यावर चार. दोन डोंगराच्या बाजूला, दोन नाल्याच्या बाजूला. आकाराने सगळी सारखी, त्यामुळे भांडण एकाच गोष्टीचं उरलं होतं, डोंगर की नाला.

आमच्या जुन्या घराची मागची खिडकी नाल्यावर उघडते असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ती उघडायचीच नाही. मी तीन वर्षांची असताना आम्ही परळच्या चाळीतून इथे आलो, तेव्हापासून आईने ती फक्त काचा पुसायला उघडली असेल. नाल्याचा वास, डास, आणि पलीकडच्या गोडाऊनची धूळ. बाबा असेपर्यंत आईला म्हणायचे, नव्या बिल्डिंगीत तुला डोंगर दाखवतो. ते गेले, डोंगर राहिला. आई कधी बोलून दाखवायची नाही, पण नकाशा आला त्या दिवशी तिने डोंगराच्या बाजूच्या घरांवरून बोट फिरवलेलं मी बघितलं होतं.

सोडत चिठ्ठ्या टाकून काढायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती. त्याआधी गाड्यांच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्यात सेक्रेटरींना कोपऱ्यातली ऐसपैस जागा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात बातमी, की त्यांची चिठ्ठी आदल्या रात्रभर फ्रिजमध्ये होती, म्हणजे काढणाऱ्याच्या हाताला गार लागावी. खरं-खोटं देव जाणे. पण दोन वर्षं निम्मी बिल्डिंग उरलेल्या निम्म्या बिल्डिंगीशी बोलत नव्हती. घरांच्या सोडतीसाठी सभा बसली तेव्हा तासभर फ्रिजच चालला होता. माझा स्वभाव आधीच तापट. मी उभी राहिले आणि म्हणाले, "कॉम्प्युटरवर काढा ना. मी प्रोग्रॅम लिहिते. एक बटण दाबायचं, सगळ्यांची घरं एकदम समोर. कुणाचा हात नाही, कुणाचा फ्रिज नाही."

"आणि प्रोग्रॅम कोणाच्या हातात? तुझ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे डोंगर तुझाच."

मी वळून काहीतरी जहरी बोलणार होते. तेवढ्यात समोरचे काका उठले.

समोरचे काका म्हणजे आमच्या दाराच्या अगदी समोरच्या घरातले. बसचे निवृत्त कंडक्टर, बिल्डिंगीत वयाने सगळ्यात मोठे. मूळचे तिकडे आत, दुष्काळी पट्ट्यातले, आणि आम्ही कोकणातले, पण तीस वर्षं दोन्ही दारं दिवसभर उघडी. त्यांना दमा आहे. त्यांचं घर रस्त्याच्या बाजूला होतं, खिडकीशी त्यांची खुर्ची, आणि हिवाळ्यात श्वास लागला की ते त्या खिडकीतच बसून पहाट करायचे. डॉक्टरांनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं की नवं घर हवेशीर बघा, नाल्याशेजारी यांना ठेवू नका. पण सोडतीत डॉक्टरचं कोण ऐकतो? त्यांनाही बटणावरच भरवसा ठेवायचा होता.

काका म्हणाले, "पोरगी आपल्या डोळ्यांदेखत वाढली. तिच्या कॉम्प्युटरवर माझा विश्वास आहे. ज्याचा नसेल त्याने फ्रिज घेऊन यावा."

सभा हसली, आणि ठरलं. बटण कुणी दाबायचं यावर पुन्हा अर्धा तास गेला. अध्यक्ष नको, सेक्रेटरी तर नकोच. शेवटी सगळ्यात मोठे म्हणून काकांनीच दाबायचं असं ठरलं.

मी घाटकोपरच्या एका ऑफिसात आकड्यांचे रिपोर्ट बनवते. एक्सेलमध्ये तेच ते करून वैताग आला तेव्हा व्हिडिओ बघून पायथन शिकले. पण माझे प्रोग्रॅम सगळे काळ्या पडद्यावर अक्षरं ओकणारे. खिडकी, बटण, क्लिक हा प्रकार मी कधी केला नव्हता. आता अठ्ठावीस घरांसमोर काळा पडदा दाखवून चालणार नव्हतं. म्हणून टीकिंटर घेतलं, पायथनबरोबरच येणारं खिडक्या-बटणांचं साधं सामान. बटण बनवणं सोपं असतं. त्यावर काय लिहायचं ते सांगायचं आणि दाबल्यावर कुठलं फंक्शन चालवायचं त्याचं नाव द्यायचं. माझ्या फंक्शनचं काम होतं घरांची यादी पिसायची, नावांसमोर मांडायची, पडद्यावर दाखवायची आणि तीच यादी एका फाइलमध्ये उतरवून ठेवायची. फाइलची कल्पनाही माझीच. उद्या कुणी शंका काढली तर पुरावा हवा.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. खिडकी उघडली आणि मी माउसला हात लावायच्या आधीच यादी तयार. बटण दाबलं तर काहीच होईना. दीड तास डोकं फोडून कळलं की बटणाला फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं असतं, मी नावापुढे कंस टाकले होते. कंस टाकले की पायथन थांबत नाही, ते काम तिथल्या तिथे उरकून मोकळं होतं आणि बटणाच्या हाती काही उरत नाही. मी कंस काढले. हे हॉलमध्ये झालं असतं तर लोकांनी मला फ्रिजमध्ये घातलं असतं.

त्या भीतीने मी आणखी एक ओळ घातली. बटण एकदा दाबलं की ते राखाडी व्हावं, परत दाबता येऊ नये. सोडत एकदाच व्हायला हवी, एवढी अक्कल मला होती.

तीन दिवस आधी कमिटीला दाखवलं. त्यांना भारी मजा वाटली. "परत दाब," अध्यक्ष म्हणाले. बटण राखाडी. प्रोग्रॅम बंद करून परत सुरू करावा लागला. "आता मी दाबतो." पुन्हा बंद, पुन्हा सुरू. चौथ्या वेळी मी वैतागून त्या ओळीच्या आधी एक हॅश, म्हणजे # हे चिन्ह, टाकला. हॅश टाकला की ती ओळ तिथे असून नसल्यासारखी, पायथन तिच्याकडे बघतही नाही. मग मंडळींनी पोटभर दाबलं, प्रत्येकाला एकदा तरी डोंगर मिळाला, आणि सगळे खुशीत घरी गेले. मी त्या सरावाच्या याद्या फाइलमधून पुसल्या आणि लॅपटॉप बंद केला. हॅश पुसायचा राहिला.

रविवारी सकाळी शेजारच्या शाळेचा हॉल घेतला होता. अठ्ठावीस घरांतली शंभरेक माणसं, बिल्डरचा एक माणूस, आणि कोपऱ्यात चहाचा थर्मास, ज्याला कुणी हात लावला नाही. आई पहिल्या रांगेत, हातातला रुमाल पिळत. तिच्या शेजारी काकू. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशात दम्याचा पंप. जिना चढून आल्यामुळे त्यांचा श्वास वाजत होता आणि तो जागेवर येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून पडद्यावर खिडकी उघडली. मधोमध एकच हिरवं बटण, 'सोडत काढा'.

काका खुर्चीवर बसले, चष्मा नीट केला, माउसवर हात ठेवला. मला म्हणाले, "दाबू ना?"

"दाबा काका."

टक-टक.

दोन आवाज आले. मी ते ऐकले, आणि ऐकूनही मला त्या क्षणी काही कळलं नाही. पडद्यावर यादी आली, किंचित हलली आणि थांबली. मागे कुणीतरी म्हणालं, "जरा उडालं का रे?" पण त्याचं बोलणं कुणाच्या कानात शिरलं नाही, कारण तोवर प्रत्येक जण आपलं नाव शोधत होता. मीही तेच करत होते. आमचं नाव सापडलं, सातवा मजला, डोंगर.

आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती रडत होती. बाबा गेल्यानंतर तिला चारचौघांत रडताना मी बघितलं नव्हतं. मग काकांचं नाव दिसलं. दुसरा मजला, नाला. काकू पडद्याकडे बघतच राहिल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुसरा मजला म्हणजे वासाच्या अगदी तोंडाशी.

यादी छापून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. सही झाली की विषय संपला, असं आधीच ठरलं होतं. टेबलावर प्रिंटर ठेवला होता. मी प्रोजेक्टरची वायर काढली आणि छापायला फाइल उघडली. अठ्ठावीस ओळी असायला हव्या होत्या, तिथे छप्पन्न होत्या.

दोन याद्या, एकाखाली एक. दोन्हींसमोर एकच वेळ, एकच मिनिट, एकच सेकंद.

तेव्हा तो टक-टक मला नीट ऐकू आला. पाच वर्षांपूर्वी काकांची नात पुण्याहून फोटो पाठवायची आणि काका ते बघायला आमच्याकडे यायचे. माउस कसा धरायचा ते मीच शिकवलं. फोटोवर नुसतं एकदा दाबून तो उघडत नाही. "काका, दोनदा. पटकन. टक-टक." ते तोंडाने म्हणत दाबायचे, टक-टक, फोटो उघडला की लहान मुलासारखे माझ्याकडे बघायचे. तेव्हापासून ते कशावरही दोनदाच दाबतात. मला हे माहीत होतं. या बिल्डिंगीत हे फक्त मलाच माहीत होतं, आणि मीच हॅश तसाच ठेवून त्यांच्या हातात माउस दिला होता. पहिल्या दाबाला एक सोडत निघाली, दुसऱ्या दाबाला दुसरी, आणि दुसरीने पहिली पडद्यावरून पुसली.

पहिल्या यादीत बघायचं नव्हतं मला. पण डोळे गेलेच. काका सहावा मजला, डोंगर. आम्ही तिसरा मजला, नाला.

"झालं का गं?" सेक्रेटरींनी विचारलं. "प्रिंटर अडकला का?"

"दोन मिनिटं," मी म्हणाले.

त्या दोन मिनिटांत मी काय काय विचार केला ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. पहिला विचार होता की कुणालाही कळणार नाही. फाइल माझी, लॅपटॉप माझा. वरच्या अठ्ठावीस ओळी निवडायच्या आणि एक बटण दाबायचं, की गेल्या. दुसरा विचार हुशार होता. दोन्ही याद्या सारख्याच न्याय्य आहेत, दोन्ही कॉम्प्युटरनेच पिसल्या, कुणी लबाडी केलेली नाही, आणि लोकांनी जी बघितली तीच खरी. गणितात हे बरोबरच आहे, आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. तिसरा विचार आईचा होता. ती मागे वळून कुणाला तरी गावच्या बोलीत सांगत होती, "सातव्यार. डोंगराकडे." तिचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. मी खालची यादी निवडली आणि छापली. होय, छापली. वरच्या ओळी मात्र पुसल्या नाहीत. पुसायच्या बटणावर बोट ठेवून तशीच राहिले.

सह्यांची सुरुवात सगळ्यात मोठ्यांपासून करायची म्हणून कागद काकांसमोर ठेवला. काकूंनी हळूच विचारलं, "काही बदलत नाही का ओ यात?" काका हसले. "माझ्याच हाताने निघालंय. आता तक्रार कुणाकडे करू, माझ्याकडे?" सगळे हसले, सुटल्यासारखे. हसताना काकांना खोकला आला. पंप काढला, दोनदा ओढला, थांबले, पेन उचललं.

"थांबा काका," मी म्हणाले. "सही करू नका."

माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. मग थांबायची सोय उरली नाही. मी प्रोजेक्टरची वायर लावली आणि छप्पन्न ओळी पडद्यावर टाकल्या. बटण दोनदा दाबलं गेलं, सोडत दोनदा झाली, दुसऱ्यांदा दाबलेलं अडवणारी ओळ मी बंद करून ठेवली होती आणि परत चालू करायला विसरले. चूक काकांची नाही, माझी आहे. हे सगळं मी एका दमात सांगितलं. आईकडे बघितलं नाही.

मग जो गदारोळ झाला त्यापुढे फ्रिजचं प्रकरण म्हणजे भजनच म्हणायचं. ज्यांना पहिल्या यादीत डोंगर होता ते उभे राहून ओरडत होते, "पहिला क्लिक तोच खरा!" ज्यांना दुसऱ्यात होता ते खुर्च्या सोडायला तयार नव्हते. "पडद्यावर दिसलं ते फायनल यार, आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत का?" सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन दात ओठ खात म्हणाले, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? वाट लावलीस सगळ्याची." बिल्डरचा माणूस फोन घेऊन बाहेर गेला. मागून पुन्हा तोच आवाज, "मी म्हणत होतो, प्रोग्रॅम हिच्या हातात." या वेळी तो चुकीचा नव्हता.

काका पडद्याकडे बघत होते. त्यांनी आपलं नाव दोन्ही ठिकाणी शोधलेलं मला दिसलं. मग त्यांनी आमचंही शोधलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांना सगळं कळलंय.

ते उभे राहिले आणि हात वर करून थांबले. बसमध्ये गर्दीला गप्प करायचे तसेच थांबले असणार. आवाज खाली आला तेव्हा म्हणाले, "पहिल्या यादीत माझा फायदा आहे. तेव्हा पहिली धरा असं मला म्हणता येत नाही. दुसरी धरा म्हणावं तर बाकीच्यांवर अन्याय. दोन्ही रद्द करा. परत काढा. पोरी, तुझं ते कुलूप लाव त्या बटणाला."

"काका, पहिली तुमची—" मी म्हणायला गेले.

"लाव म्हटलं ना!"

काका माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी सगळ्यांसमोर, पडद्यावर दिसेल असा, तो हॅश पुसला. एका अक्षराचं काम. दोन्ही जुन्या याद्या रद्द झाल्याचं कागदावर लिहून सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या, त्यात पाऊण तास गेला. पहिल्या यादीत डोंगर मिळालेल्या एकांनी सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

मग काका पुन्हा माउसपाशी बसले. स्वतःशी पुटपुटले, "एकदाच." आणि तरी टक-टक झालंच. पण या वेळी पहिल्या टकला बटण राखाडी झालं आणि दुसरा टक वाया गेला. यादी हलली नाही.

काका, चौथा मजला, नाला. आम्ही, पाचवा मजला, डोंगर.

मी ते तीन वेळा वाचलं. मला वाटलं होतं, खरं बोलले की काहीतरी सरळ होईल. कशाला होईल? बटणाला काय माहीत कुणाला दमा आहे ते. काकांनी सगळ्यात आधी सही केली, उठले, जाताना माझ्या डोक्यावर थापटी मारली आणि म्हणाले, "आता कुणाला बोट दाखवायला जागा नाही. जा, घरी जा." काकू माझ्याकडे न बघता त्यांच्यामागून गेल्या.

त्या दिवशी घरी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आणला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई ताट माझ्यासमोर ठेवून समोर बसली. चिडली किंवा जिव्हाळ्याचं काही असलं की ती गावच्या बोलीवर येते.

"काय झाला गो तुका? तीन दिवस नीट जेवक नाय तू."

"काही नाही."

"आता तर सोडत खरी झाली. खऱ्यानेच डोंगर मिळालो."

"हो ना, मग झालं तर!" मी एकदम उसळले. "मी सगळ्यांसमोर सांगितलं ना? शिव्या खाल्ल्या ना? परत निघालं त्यातही आपल्यालाच मिळालं, त्याला मी काय करू? अजून काय करायचं मी?"

समोरच्या घरात काका खोकत होते. आमची दोन्ही दारं उघडी होती, त्यामुळे ते खोकणं थेट आमच्या जेवणात येत होतं. खोकला थांबला. मग आई उठली, हात धुतले आणि कपाटातला कागद घेऊन आली. कोरा होता.

"सेक्रेटरीक विचारलंय मी काल," ती म्हणाली. "करार व्हायच्या आधी दोन घरांनी अर्ज दिलो तर अदलाबदल करता येता. तू लिही. माका त्यांच्या कायद्याची भाषा येत नाय."

मी म्हणाले, "आई, बाबा म्हणाले होते डोंगर..."

"माका दाखवणार होते. ते आसते तर डोंगर." आईने कागद माझ्यासमोर सरकवला. "आपण दोघींनी खिडकी बंद करून तीस वर्षां काढली, अजून काढू. आपल्याक वास येता. त्यांका श्वास लागता."

मला तिचा राग आला. खरंच आला, कारण ती बरोबर होती आणि मला तो डोंगर हवा होता. खरं बोलणं मला सोपं गेलं होतं, ते चारचौघांत होतं आणि मी कितीही भ्याले तरी त्यात माझी मान ताठ होती. हे तसं नव्हतं. मी अर्ज लिहिला, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिला. आईने सही केली आणि आम्ही पाच पावलं चालून समोर गेलो.

काका ऐकायलाच तयार नव्हते. "भीक नको वहिनी. सोडत झाली, संपलं." काकू दाराशी पदर डोळ्यांना लावून उभ्या. मी म्हणाले, काका, चूक माझी होती. ते म्हणाले, चूक तू सांगितलीस, तिथे फिटली. आईने दहा मिनिटं समजावलं, मग तिचा संयम सुटला. आमच्या घरातला तापटपणा माझ्याकडे कुठून आला ते तेव्हा काकांना कळलं असेल.

"तुम्ही दोनदा दाबलात तेव्हा कुणाक विचारलात नाय," आई म्हणाली. "आता एकदा सही करा."

काका हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, काकूंनी पंप दिला. श्वास जागेवर आला तेव्हा त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. सही करताना डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. सही झाली, आणि सवयीने त्यांचा हात तिच्याच खाली दुसऱ्यांदा टेकला.

आईने कागद झटकन ओढून घेतला.

"बस झाला," ती म्हणाली. "एकदाच."